तीनशे दहा अंशांचा कोन

दहावीच्या वर्गात पहिल्यांदा प्रोजेक्टर लावून भूमिती शिकवली, त्या दिवशी माझ्या वर्तुळातला अंतर्लिखित कोन ३१० अंशांचा निघाला. वर्तुळावरच्या तीन बिंदूंनी होणारा हा कोन खरं तर १८० च्या आतच असतो. समोर ५८ मुलं, मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसलेल्या मुख्याध्यापिका, आणि पडद्यावर ठळक हिरव्या रंगात ३१०. कोणी हसलं नाही. कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून अर्ध्या वर्गाने तो आकडा वहीत उतरवूनसुद्धा घेतला. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तिथवर पोचायलाच मला दहा वर्षं लागली होती.

मी पुण्यात, पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. १९९८ साली लागले तेव्हा शाळेत कॉम्प्युटर नव्हता. निकालपत्रकं हाताने, निळ्या आणि लाल शाईत. एमएससीआयटी केली २००६ मध्ये, आणि ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती. कोर्स २००१ पासून चालू होता, आणि स्टाफरूममध्ये एकच विषय चघळला जायचा, की हे पास झालो नाही तर वेतनवाढ अडकणार. टिळक रोडजवळच्या एका सेंटरवर संध्याकाळी सहाची बॅच मिळाली. शिकवणारा मुलगा आमच्याच शाळेचा निघाला. सातवीत असताना त्याला मी अपूर्णांकांवरून वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता तो माझ्या मागे उभा राहून, आवाज जराही न चढवता, दहा दहा वेळा सांगायचा, "मॅडम, माउस उचलायचा नाही, सरकवायचा." टेबल संपलं की माझा हात हवेत. मग त्याने मला आठवडाभर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळायला लावलं. पत्ता धरून ओढायचा आणि सोडायचा. अभ्यास म्हणून पत्ते खेळायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

पास झाले. सर्टिफिकेट सेवापुस्तकात लागलं. वर्गातला खडू होता तिथेच राहिला.

शाळेत कॉम्प्युटर आले ते नंतर, एका योजनेतून, दहा एकदम. त्यांच्यासाठी खोली रंगवली, पडदे लावले, शिवणाच्या बाईंनी प्रत्येक मॉनिटरला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. आत जाताना चपला बाहेर. दसऱ्याला झेंडूचे हार आणि हळदकुंकू. एका वर्षी अक्षता कीबोर्डमध्ये गेल्या आणि स्पेसबार वर्षभर करकरत राहिला. मुलांना आठवड्यातून एक तास, एका यंत्रावर सहा जण. त्यातला एक माउस धरणार, एक कीबोर्ड, आणि उरलेले चार जण त्या दोघांना चुका दाखवणार. दर गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जायची आणि आठवी 'ब' चा कॉम्प्युटरचा तास नेमका गुरुवारी. त्या तुकडीने वर्षभर पेंट ब्रशची चित्रं वहीतच काढली.

खोलीला लोखंडी जाळीचं दार होतं आणि त्याची चावी ऑफिसातल्या कपाटात. चावी मागायला गेलं की क्लार्क डेडस्टॉक रजिस्टर पुढे सरकवायचे. ज्यांना शाळेतला अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगते: डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. बाक, कपाट, घंटा, मानवी सांगाडा, सगळं तिच्यात. वस्तू मोडली किंवा हरवली की ज्याची सही त्याच्या गळ्यात. "मॅडम, सही करा, मग खुशाल न्या," असं ते हसतच म्हणायचे. पण त्या काळी एका कॉम्प्युटरची किंमत माझ्या दोन पगारांहून जास्त होती. मी तीन वर्षांत ती चावी चारदा मागितली. पुढे करार संपला, कॉम्प्युटर शिकवायला नेमलेला मुलगा गेला, आणि दहांपैकी चालू यंत्रं राहिली चार.

प्रशिक्षणं मात्र होत राहिली. त्यांचा साचा ठरलेला. पत्र आदल्या दिवशी संध्याकाळी. सकाळी दहाला हजेरी, साडेअकरापर्यंत उद्घाटन, सरस्वतीच्या फोटोला हार, मग चहा. ऐंशी-नव्वद शिक्षक, पुढे एक कॉम्प्युटर, आणि एक तज्ज्ञ मार्गदर्शक पडद्यावर दाखवणार: ही फाइल, हा एडिट, कंट्रोल सी म्हणजे कॉपी. आम्ही ते वहीत लिहून घ्यायचो. पोहायचं प्रशिक्षण काठावर बसून वहीत लिहून घ्यावं, तसं. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आणि गटफोटो. मार्गदर्शकांचा दोष नव्हता, त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलेलं. पण ३५ मिनिटांचा तास, ५८ मुलं, एक प्रोजेक्टर, पोर्शन मागे पडलेला, अशा वेळी नक्की काय करायचं, हे एकाही प्रशिक्षणात कोणी काढलं नाही. शोधनिबंधांत याला नाव आहे म्हणे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये मांडलेला टीपॅकचा आराखडा मी फार उशिरा वाचला: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान ही तीन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात, तिथे शिक्षकाला काम करायचं असतं. आम्हाला तिसरं वर्तुळ तेवढं दिलं जात होतं, तेही सुटं.

मधे मराठी टायपिंगचं एक प्रकरण झालं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण शाळेतल्या कॉम्प्युटरवरचे आमचे निम्मे तास त्यात गेले. आमच्या प्रश्नपत्रिका अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याकडून यायच्या, त्याच्या खास फॉन्टमध्ये. तीच फाइल शाळेत उघडली की 'त्रिकोण' च्या जागी चौकटी, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. सीडॅकसारखी संस्था याच शहरात १९८८ पासून आहे, भारतीय भाषांना कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम तिथे झालंय, आणि आम्ही तिच्यापासून चार-पाच किलोमीटरवर बसून 'ळ' कुठे सापडतो ते शोधत होतो. युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसावीत अशी पद्धत) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी) हे दोन शब्द मला संस्कृतच्या बाईंनी सांगितले. त्यांच्या मुलाने त्यांना घरी लावून दिलं होतं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि जोडाक्षरासाठी 'डी' वरचा हलन्त. एवढं डोक्यात बसलं की बोटं आपोआप चालतात, कारण मांडणी वर्णमालेच्याच अंगाने केलेली आहे. मला पंधरा दिवस लागले. अडले ते 'दुसऱ्या' पाशी. 'दुसर्‍या' मधला तो अर्धा चंद्रासारखा र काही केल्या येईना, दर वेळी 'दुसर्या' व्हायचं आणि रेफ जाऊन बसायचा 'या' च्या डोक्यावर. त्यासाठी नुक्ता असलेला 'ऱ' वेगळा आहे, शिफ्ट दाबून 'जे', हे कळलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटायचीच बाकी होते. माझी पहिली घटक चाचणी मी स्वतः टाइप केली. तिच्यात अकरा चुका होत्या, पण त्या माझ्या होत्या, डीटीपीवाल्याच्या नव्हत्या.

२०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' चा शासन निर्णय आला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द सगळीकडे झाला. काहींनी तो नावाखाली लावायलाही सुरुवात केली. त्याच सुमारास १९८५ च्या दहावीच्या बॅचने शाळेला प्रोजेक्टर दिला. मुख्याध्यापिकांनी विचारलं, कोण वापरणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'दुसऱ्या' टाइप करता येणारी मी एकटी होते.

तर तो ३१० अंशांचा तास. जिओजेब्रा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने २००१ मध्ये सुरू केलेलं. वर्तुळ काढायचं, त्यावर तीन बिंदू घ्यायचे, कोन मोजायचा आणि मग बिंदू ओढायचा. अंतर्लिखित कोन हा त्याच कंसाच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाच्या निम्मा असतो, हे प्रमेय फळ्यावर शिकवताना मी दर वर्षी तीन वेगवेगळ्या आकृत्या काढायचे आणि मुलांना ती तीन वेगळी प्रमेयं वाटायची. घरी रात्री चार वेळा करून पाहिलं होतं, चारही वेळा बरोबर. वर्गात घाईत बिंदू उलट क्रमाने टिचकले. सॉफ्टवेअर कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं. क्रम चुकला की ५० अंशांच्या आतल्या कोनाऐवजी बाहेरचा ३१० दाखवतं. हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. शिवाय त्या तासाची पहिली बारा मिनिटं वायर शोधण्यात गेलेली, खिडकीतून ऊन थेट पडद्यावर, आणि शिपाई मामा स्टुलावर चढून खिडकीला सतरंजी लावत होते. मी म्हटलं, "उद्या पाहू." मुख्याध्यापिका काही बोलल्या नाहीत. खुर्ची उचलायला मामांना हाक मारली एवढंच.

रात्री साडेदहाला कारण सापडलं. कोनाच्या गुणधर्मांत '० ते १८०' असा पर्याय असतो. एवढंच होतं. पण दुसऱ्या दिवशी मी ३१० तसाच ठेवून तास सुरू केला. विचारलं, अंतर्लिखित कोन ३१० चा असू शकतो का? काल वहीत लिहून घेतलेल्यांपैकी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "नाही बाई, तो बाहेरचा आहे. ३६० वजा केला की ५०." मग पर्याय बदलला, केंद्राशी कोन काढला, आणि एका मुलाच्या हातात माउस दिला.

त्या तासाला जे झालं ते मी अजून कुणालाही सांगत बसते. मुलगा बिंदू ओढत होता, अंतर्लिखित कोन जागचा हलत नव्हता, वर्गाला गंमत वाटत होती. मग त्याने कंसाची टोकं सरकवली. केंद्राशी ८७.३५, वर्तुळावर ४३.६८. पहिल्या बाकावरच्या एकाने लगेच दुप्पट केली. "बाई, ८७.३६ येतंय. प्रमेय चुकलंय." वर्गात शांतता. मला स्वतःला दोन सेकंद घाम फुटला. मग सगळ्यांनी मिळून शोधलं: यंत्र दोनच दशांशस्थळं दाखवतंय, खरी किंमत पुढे लांब आहे, दोन्ही आकडे आपापल्या जागी पूर्णांकित झालेत. दशांशस्थळं पाच केली तेव्हा तफावत शेवटच्या घरात सरकली, पण गेली नाही. "मग बाई, कितीही वाढवली तरी?" या प्रश्नावरून आम्ही सिद्धतेकडे आलो. सिद्धता कशाला हवी, मोजलं की झालं की, हे मुलं मला वीस वर्षं विचारत होती आणि मी वीस वर्षं "परीक्षेत येते" असं उत्तर देत होते.

तास संपता संपता बिंदू ओढणाऱ्याचा हात सुटला आणि बिंदू जीवेच्या पलीकडे, दुसऱ्या कंसावर गेला. ५० चा आकडा एकदम १३० झाला. "मोडलं!" कोणीतरी ओरडलं. पण १३० आणि ५० ची बेरीज एकाने लगेच केली, आणि पुढच्या आठवड्यात शिकवायचा चक्रीय चौकोन (चारही शिरोबिंदू वर्तुळावर, समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८०) त्या दिवशीच समोर आला. घंटा झाली तरी कोणी डबा काढेना. अर्थात दुसऱ्या तुकडीत हाच तास मी जशाच्या तसा घेतला आणि तो सपशेल पडला. तिथे कोणी दुप्पट केली नाही, बिंदू कोणाच्या हातून सुटला नाही, आणि मीच "बघा, बेरीज किती येते?" असं विचारत बसले.

२०१७ च्या शिक्षकदिनी दीक्षा हे शैक्षणिक साहित्याचं सरकारी पोर्टल आलं, पाठोपाठ बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि मला सुलभक म्हणून नेमलं. म्हणजे आता ऐंशी शिक्षकांसमोर मी. मी काय केलं असेल? ६४ स्लाइडचा पीपीटी. तिसऱ्या रांगेतले एक सर पेंगले, दोन बाई खाली हात करून मेथी निवडत होत्या, खोटं नाही सांगत. जेवणाच्या सुट्टीत एका ज्येष्ठ बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही छान बोलता हो. पण सोमवारी मला सहावीला अपूर्णांकांचा भागाकार घ्यायचाय. त्याचं काय ते सांगा ना."

दुपारच्या सत्रात मी पीपीटी बंद केला आणि सगळ्यांना आपापल्या सोमवारच्या तासाचं पान उघडायला लावलं. कोणाकडे पुस्तक नव्हतं. प्रशिक्षणाला पाठ्यपुस्तक आणायचं असतं, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं, माझ्याही. पुढच्या वेळेपासून निरोपात एकच ओळ: येताना येत्या आठवड्यात शिकवायचा धडा आणि त्यातली मुलांना हमखास अडणारी एक जागा घेऊन या. वीसच्या वर माणसं नकोत म्हणून भांडले. वीस नाही मिळाले, पस्तीसवर तडजोड झाली.

तिथे पाहिलेल्या दोन गोष्टी. भूगोलाचे एक सर नद्यांचा धडा घेऊन आले होते. त्यांनी उपग्रहाच्या नकाशावर दापोडीला पवना मुळेला मिळते तिथून सुरुवात केली, संगमावर मुठा घेतली, आणि तशीच नदी धरून रांजणगाव सांडसला भीमेपर्यंत, पुढे उजनीच्या फुगवट्यापर्यंत वर्ग नेला. निम्मा तास आपापलं घर शोधण्यात गेला, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पण घर शोधणाऱ्यांतल्याच एका मुलीने विचारलं की आपल्याकडे पाणी हिरवं का दिसतंय, आणि धरणाच्या वर निळं का. मैलापाण्यावरचा तो तास पुस्तकात नव्हता.

दुसरे आमच्याच शाळेतले मराठीचे सर. "मला हे चाळे नकोत," हे त्यांचं पालुपद. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांना अडणारी जागा विचारली तर म्हणाले, मुलं कविता वाचत नाहीत, पळवतात. मी म्हटलं, फोनमधलं रेकॉर्डर लावा. त्यांनी पाच मुलांचं वाचन रेकॉर्ड केलं आणि त्यांनाच ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकून एक मुलगा म्हणाला, "सर, मी श्वासच घेत नाहीये." दुसऱ्या दिवशी तो यतीवर, म्हणजे ओळीतल्या विरामाच्या जागी, थांबला. सरांनी पुढे वर्गातल्या प्रत्येकाचं जूनमधलं आणि मार्चमधलं वाचन जपून ठेवलं. कॉम्प्युटरच्या खोलीत ते निवृत्त होईपर्यंत एकदाही आले नाहीत.

सगळ्यांचं असं झालं नाही. निम्म्याहून जास्त लोक प्रमाणपत्र घेऊन गेले ते गेलेच. एका बाईंनी स्पष्ट सांगितलं, "माझ्याकडे दोन तुकड्यांची वर्गशिक्षकी, पोषण आहाराच्या नोंदी, सरल या सरकारी पोर्टलवर माहिती भरणं. तुमचा तो बिंदू मी कधी ओढू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. कॉम्प्युटर आला आणि शिक्षकाचं काम वाढलं ते वर्गात नव्हे, ऑफिसात, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आम्हाला सगळ्यांना अभिमान वाटला. पण त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज होते ते कुठली तरी लिंक भरायची शेवटची तारीख कोणती, याबद्दलचे.

करोनाच्या दोन वर्षांवर वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच, की माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर, आणि रात्री नऊला घरी. म्हणून मी शंकानिरसन रात्री साडेनऊला घ्यायचे, व्हॉइस मेसेजवर. 'निष्ठा' या शिक्षकांसाठीच्या सरकारी उपक्रमाचं ऑनलाइन प्रशिक्षणही त्याच काळातलं. एकीकडे व्हिडिओ, एकीकडे कुकरची शिट्टी. कुठला घटक पाहिला यापेक्षा त्या वेळी भाजी कुठली होती हे मला जास्त आठवतं.

चावीचं सांगायचं राहिलं. सध्याच्या मुख्याध्यापकांकडे मी एकच गोष्ट मागितली, की जाळीच्या दाराची चावी स्टाफरूममध्ये खिळ्याला टांगा आणि रजिस्टरवर सही शाळेची असू द्या, शिक्षकाची नको. त्यांनी महिनाभर विचार केला आणि हो म्हणाले. पहिल्याच सहामाहीत एक माउस मोडला आणि एक पेनड्राइव्ह गेला. क्लार्क अजून मला तो पेनड्राइव्ह ऐकवतात. पण परवा मधल्या सुट्टीत बघते तर खिळा रिकामा, आणि आत नव्याने लागलेल्या विज्ञानाच्या बाई एकट्याच बसून भिंगाचे किरण पडद्यावर सरकवून बघत होत्या. मला पाहून दचकल्या. मी दार लोटून घेतलं.

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता दर वर्षी ५० तासांचं प्रशिक्षण व्हायचं आहे. त्यातल्या एका दिवसासाठी मला बोलावलंय, जागा आमचीच शाळा, वार गुरुवार. मी फोन करून सांगितलं की गुरुवारी आमच्याकडे लाइट नसते, बुधवारी ठेवा.

"कळलं मॅडम," पलीकडून उत्तर आलं, "पण पत्र निघालंय."